कडी आतून

"तुझी आई कधी कडी लावून न्हालीय का रे?" इंजिनियरसाहेबांनी सगळ्या टेबलांना ऐकू जाईल असं विचारलं. ऑफिस हसलं. मीपण हसलो. त्या हसण्याची लाज अजून जात नाही.

बाहत्तरच्या दुष्काळाच्या आदल्या सालची गोष्ट. नगर जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्यात मी नकाशे ट्रेस करायचो. खर्ड्याकडच्या ऊसतोड्याचा पोरगा, मॅट्रिक झालो, इस्त्रीचा शर्ट घालून टेबलाला बसलो. वरून तपासणी येणार होती. म्हणून गाडीतळावर, म्हणजे ऊसतोड्यांच्या बैलगाड्या अन् पाचटाच्या कोप्या पडतात तिथं, बायांसाठी न्हाण्या आणि संडास बांधायचं ठरलं. नकाशा माझ्याकडं आला. मी प्रत्येकाला दार काढलं. दाराला आतून कडी.

साहेबांनी सगळ्या दारांवर लाल फुल्या मारल्या. वर तो आईचा प्रश्न. मग म्हणाले, "दारं लावली तर बाया आतच बसून राहतील. मुकादमाला बाहेरून दिसलं पाहिजे. खरड ती."

ट्रेसिंगवरची शाई रबरानं जात नाही, ब्लेडनं खरडावी लागते. मी ब्लेड पहिल्या दाराला लावलं आणि माय दिसली.

ती जाऊन तेव्हा वर्ष झालं होतं. अशाच तळावर ती न्हायची. दोन बाया जुनं लुगडं ताणून आडोसा धरायच्या. तोंड बाहेर, पाठ आत. धरणारीनं मागं बघायचं नाही, हा बायांचा कायदा. एका सकाळी मुकादम खेकसला, "ए, चला, गाड्या जुपल्यात." दोघी दचकल्या. लुगडं सुटलं. समोर गडी उभे होते. हसले. माय ओल्या अंगानं गाडीच्या चाकाआड बसली. चाकाच्या अलीकडं मी होतो, दहा वर्षांचा. ती एवढंच म्हणाली, "तू तिकडं बघ."

त्या हंगामात ती लुगड्यासकट पाणी ओतून घ्यायची आणि तेच अंगावर वाळवायची. पुढं मरेपर्यंत, घरात कुणी मोठ्यानं हसलं तरी तिचा हात पदराकडं जायचा.

ऑफिसातलं हसणं तेच होतं. आणि या खेपेला हसणाऱ्यांत मी होतो.

मी ब्लेड खाली ठेवलं. ऑफिसात कमावलेली शुद्ध भाषा गेली कुठल्या कुठं. "दारं खरडायचो न्हाई," म्हणालो.

"मग उद्यापासून येऊ नकोस."

"न्हाई येत."

दारं दुसऱ्या कुणीतरी खरडली. न्हाण्या बिनदाराच्या उभ्या राहिल्या. बाया तिथं न्हायला गेल्याच नाहीत. त्यांनी आत बैलांच्या चाऱ्याचे वाढे रचले आणि पुन्हा लुगडं धरलं.

मी गावोगाव घरांचे नकाशे काढून पोट भरलं. अजूनही कुठं चार गडी हसले की मी आधी बघतो, कुठल्या बाईचा आडोसा सुटला. कागद पुढं आला की माझी पहिली रेघ दाराची. कडी आतून. कुणी खरडायला सांगितलं, तर ब्लेड त्याच्याच हातात देतो आणि म्हणतो, आधी तुमच्या घरच्या न्हाणीचं दार उखडून टाका.