चालू पंगतीला जोड

चालू असलेली कुठलीही गोष्ट न थांबवता तिला नवी जोड देता येते, यावर माझ्या मेहुण्याची जेवढी श्रद्धा होती तेवढी औंढ्याच्या नागनाथावर त्याच्या आईचीसुद्धा नव्हती. मेहुणा म्हणजे माझ्या बायकोचा धाकटा भाऊ. मुंबईला एका संस्थेत तो कॉम्प्युटरवर काम करत असे. त्या काळी हिंगोलीत हे सांगितलं की लोक आदरानं मान डोलवत आणि मग हळूच विचारत, "पण करतात काय ते?" त्याचं उत्तर मलाही येत नव्हतं. पहिल्यांदा तो सुट्टीत आमच्याकडं आला तेव्हा त्याच्या पेटीतून जाड कागदाच्या कार्डांचा गठ्ठा निघाला. सगळ्या कार्डांना बारीक भोकं. मला वाटलं, उंदरानं कुरतडली. तरी पाहुण्याची वस्तू, फेकायची कशी? मी पडलो शाळामास्तर. शिस्तीत बसलो आणि कमी भोकांची वर, जास्त भोकांची खाली अशी सगळी लावून गठ्ठा सुतळीनं बांधून ठेवला. तो त्याचा सहा महिन्यांचा प्रोग्राम होता, आणि कार्डांचा क्रम गेला म्हणजे प्रोग्राम गेला. मेहुण्यानं गठ्ठा बघितला, डोळे मिटले, उघडले आणि म्हणाला, "बांधलाय मात्र झकास, दाजी." मग सुट्टीचे आठही दिवस तो जमिनीवर कार्डं पसरून बसला, आणि मी घरात पाय उचलून चालायला शिकलो.

त्या आठ दिवसांत त्यानं मला आपलं काम समजावून देण्याचा चंग बांधला. कुठल्याशा थंड देशात निघालेली कॉम्प्युटरची एक नवी भाषा होती. तिच्यात म्हणे आधी क्लास बनवायचा आणि त्यातून ऑब्जेक्ट काढायचे. "क्लास म्हणजे सोऱ्याचा नकाशा समजा, दाजी. त्या नकाशावरून घडवलेला एकेक सोऱ्या म्हणजे ऑब्जेक्ट. चकती बदलली की त्याच सोऱ्यातून शेव पडते, चकली पडते. पण चकती बदलायला सोऱ्या उघडावा लागतो. माझं म्हणणं, सोऱ्या चालू असतानाच नवी चकती बसली पाहिजे. आणि ती चकती सोऱ्या घडवणाऱ्यानं जन्मात पाहिलेली नसली तरी बसली पाहिजे." मी मान डोलवली. मास्तराला न कळता मान डोलवण्याची सवय असते. इन्स्पेक्शनला तीच कामी येते. दिवाळीला त्यानं खरोखरच बहिणीच्या सोऱ्याला कानशीनं खाच पाडली आणि ती शेव पाडत असताना मधेच चकती सरकवली. जगातली पहिली आणि शेवटची शेव-चकली, जी शेव म्हणून निघाली आणि वाटेत चकली झाली, ती आमच्या कढईत पडली. बाकीचं पीठ आढ्याला लागलं. ही झारा घेऊन त्याच्यामागं अंगणभर पळाली, आणि तो पळता पळता ओरडत होता, "ताई, झालं ना पण! सोऱ्या थांबला का? थांबला का सांग!"

खिळ्यांचाही त्याला असाच नाद. आमच्या दाराशी त्यानं एक खिळा ठोकला. मी विचारलं, "हा काहून?" तर म्हणाला, "ते आज कसं सांगू? पुढं जे काही येईल त्याला जागा पाहिजे." दुसऱ्या दिवशी मी त्यावर माझी छत्री अडकवली. त्याला ते आवडलं नाही, पण दाजीला बोलणार कसं? आणि माणसांची नावं तो कधी विचारत नसे. विचारी ते असं, "तुमी कोणत्या हाकेला ओ देता?" म्हणजे पाणी आण म्हटलं की जो पाणी आणतो तो आपला; मग तो कोण, कुठला, याच्याशी काम नाही. पुसेगावच्या एसटीत कंडक्टरलाही त्यानं हाच प्रश्न केला. कंडक्टर म्हणाला, "मी फकस्त घंटीला ओ देतो. तुमी बसा गुमान."

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं. पण धाकट्या मेहुणीचं लग्न निघालं. लग्न शिरड शहापूरला, सासऱ्यांच्या दारात. सासऱ्यांची तिथं पिठाची गिरणी. लग्नाच्या चार दिवस आधी ते सर्वांसमक्ष म्हणाले, "पोरगं मुंबईत काय करून राहिलं, ते मला कुनी दावंल का? न्हाई तर लगीन झालं की गिरणीवर बसायचं. लई झाली मुंबई." मेहुण्याचा चेहरा उतरला. पण तो म्हणाला, "आबा, लग्नाच्या पंगती माझ्या पद्धतीनं चालवू द्या. पंगत एकदा जरी थांबली तरी मी गिरणीवर बसतो."

पंगत थांबते कशी, हे आपल्याकडं कुणाला सांगायला नको. भावकी वाढायला उभी राहते, दमते, जेवायला बसते. आणि नंतर आलेली धडधाकट मंडळी मांडवाच्या खांबाला टेकून उभी असतात, कारण त्यांना कुणी सांगितलेलं नसतं. मेहुण्यानं मांडवात एक फळी टांगली. तिच्यावर तीन खिळे: पाणी, वरण-भात, बुंदी. रद्दी कार्डांच्या चिठ्ठ्या केल्या. भोकं आयतीच होती. ज्याचे हात मोकळे असतील त्यानं, बाई असो की बुवा, नाव लिहून चिठ्ठी अडकवायची; दमला की काढून घ्यायची. हाका मारायचं काम माझ्याकडं, कारण माझा आवाज सात वर्गांच्या भिंतींतून जातो. "दाजी, एकच सांगतो," तो म्हणाला, "दर हाकेला फळीकडं बघा. कोण आहे ते आधीपासून धरून चालू नका."

मी पुन्हा मान डोलवली. आणि पहिली पंगत बसायच्या आधी खिशातून वही काढून, समास आखून, फळीवरची सगळी नावं सुवाच्य अक्षरात उतरवून घेतली. काय करणार? रोज सकाळी एकदा हजेरी मांडायची आणि दिवसभर तीच खरी धरायची, यात माझी अर्धी हयात गेली होती.

पहिली पंगत तुपासारखी सरकली. सासरे मिशीवरून हात फिरवत होते. दुसऱ्या पंगतीला मी वहीत बघून गरजलो, "पाणी! दगडूकाका!" दगडूकाका तेव्हा समोरच्याच पानावर बसले होते. दमून चिठ्ठी कधीच काढली होती बिचाऱ्यांनी. तोंडात बुंदी, हात वरणात. तरी जावयाची हाक म्हणून ते "ओ" देऊन अर्धे उठले आणि शेजारच्याच्या पानात बसले. मी पुढचं नाव घेतलं. तेही जेवत होते. तेवढ्यात नवरदेवाच्या मामांना ठेच्याचा ठसका लागला. "पाणी! पाणी!" सगळी पंगत हात थांबवून बघायला लागली. शेवटी मुलीच्या बापानं, सासऱ्यांनी, स्वतः फेट्यासकट वाकून तांब्या भरला.

मामांचा ठसका थांबल्यावर सासरे मेहुण्याला सगळ्यांदेखत म्हणाले, "दावलंस? आता गिरणी झाडून घे." मेहुण्यानं माझ्या हातातली वही बघितली होती. मी ती पाठीमागं लपवली, तेही बघितलं. "चुकलं, आबा," एवढंच तो म्हणाला. नंतर माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "तुमचं नाही चुकलं, दाजी. मी फळी लावली, पण तुमच्या खिशातल्या वहीचा विचार केला नाही. कच्चं काम." यापेक्षा त्यानं झारा घेऊन पाठ धरली असती तर मला बरं वाटलं असतं.

तिसरी पंगत बायांची. तेव्हा हिनं माझ्या हातातून वही काढली, सरपणावर ठेवली आणि फळीपाशी स्वतः उभी राहिली. पुरुष मंडळी पान-सुपारीत दंग होती, त्यामुळं ती पंगत कशी झाली ते कुणी बघितलं नाही, असं मी समजत होतो.

संध्याकाळी वऱ्हाड गेल्यावर मी धीर करून सासऱ्यांपुढं बसलो. "मामा, ती पंगत... म्हणजे हजेरीचं असं असतं..." अशी लांबण लावली. त्यांनी हात वर केला. "वही म्या बी पाह्यली, जावईबापू. पन भर मांडवात जावयाला कसं बोलावं? म्हनून पोराला बोललो. त्यानं बी बराबर समजून ऐकून घेतलं." मग त्यांनी गिरणीच्या बंद दाराकडं बघितलं. "बायांच्या पंगतीत एक बी गिलास रिकामा ऱ्हायला न्हाई. ते बी पाह्यलं म्या. जाऊ द्या त्याला मुंबईला. गिरणीला पट्टा चढवनारा कुनी बी भेटंल." आवाज त्यांचा नेहमीचाच होता, फक्त अडकित्ता तेवढा त्यांनी रिकामाच दोनदा दाबला.

सकाळी मेहुणा गेला, आणि दुपारच्या एसटीनं आम्ही हिंगोलीला निघालो. मी आपला कबुलीजबाब हिला सविस्तर, थोडा शौर्याचा मुलामा देऊन सांगितला. ही खिडकीबाहेर बघत होती. औंढा मागं पडल्यावर म्हणाली, "कबूल केलं ते बरं केलं. पन दुसऱ्या पंगतीला पाण्याच्या खिळ्यावर माझीच चिठ्ठी व्हती. भरली कळशी घेऊन हाकेची वाट पाहत तुमच्या पुढ्यात उभी व्हते; आबांनी तांब्या भरला तो तिच्यातूनच. तुमी वहीतून वर पाह्यलंच न्हाई." आणि पदरानं डोळे पुसून, "घरी गेलं की त्या खिळ्यावरची छत्री काढा. तिथं काय येनार ते त्याला सांगता आलं न्हाई. मला येतं. पुढल्या सुट्टीला आला की त्याची पिशवी."