गेटवरचा बाप

बाप-लेकाचं ते भांडण मी कान देऊन ऐकलं नाही. मी आपली अंगणात शेवयांसारखे गव्हाचे सरगुंडे वाळत घालून राहिली होती, अन् आमच्या दोन घरांमधली भिंत चार इंचाची. तिकडं कोणी मिठाचा डबा उघडला तरी इकडं मले समजे. ऐकू आलं म्हणून ऐकलं. मधात हातातलं काम थांबवलं, तेवढं मात्र खरं.

"बाबा, तुम्ही ती नोकरी सोडा," प्रशिक म्हणत होता.

बाबा म्हणजे मारोती रंगारी, आमचे शेजारी. मी त्यायले मारोती भाऊ म्हणे, ते मले शांता वैनी. फौजेतून नायकाच्या हुद्द्यावर रिटायर होऊन आलेले, एकाहत्तरच्या लढाईत डाव्या हाताची दोन बोटं तिकडं बंगालात ठेवून आलेले. प्रशिक त्यायचा एकुलता एक पोट्टा. नुकताच इंजिनीअर होऊन रायपूरजवळच्या सिलतऱ्याच्या लोखंडाच्या कारखान्यात लागला होता. अन् त्याच कारखान्याच्या गेटवर त्याचा बाप दोन वर्षांपासून गार्ड होता.

छत्तीसगड राज्य नवीन झालं, रायपूर राजधानी झालं, तेव्हापासून असंच चाललं होतं. जिथं तिथं गेट उभे राहिले अन् प्रत्येक गेटवर एकेक म्हातारा फौजी. मारोती भाऊ लागले ते प्रशिकच्या कॉलेजसाठी. कॉलेज संपलं, पोट्टा लागला, अन् लागला तो नेमका तिथंच.

"काहून सोडू? पाय चालून राहिले न माझे," मारोती भाऊ म्हणाले.

"लोक हसतात."

"कोण हसते?"

यावर प्रशिकनं खुर्ची सरकवली. मग म्हणाला, "मी आत जातो अन् माझा बाप मले सलाम ठोकतो. कसं दिसते ते?"

"सलाम तुले नाही, खुर्चीले आहे. तुझ्या जागी दुसरा आला तर त्यालेही ठोकीन."

"मग असं करा. तिथं मी तुमचा कोणी नाही, तुम्ही माझे कोणी नाही. सांगाचं तेव्हा मी सांगीन लोकायले. तोपर्यंत तुम्ही बोलाचं नाही."

मले वाटलं आता चपलीचा आवाज येते. आला नाही. मारोती भाऊ म्हणाले, "ठीक आहे. तू म्हणशीन तोपर्यंत."

दुसरा बाप असता तर पोट्टा रागात बोलला म्हणून संध्याकाळपर्यंत विसरून गेला असता. मारोती भाऊनं ती ऑर्डर समजली. सतरा वर्षं फौजेत काढलेल्या माणसाची हीच चूक होते. त्याले काही सांगितलं तर तो 'काहून' विचारत नाही, 'कधीपासून' विचारतो.

तेव्हापासून सहा वर्षं त्यायनं ते पाळलं. सकाळी प्रशिक यायचा, सुरुवातीची वर्षं मोटरसायकलवर, पुढं गाडीत. मारोती भाऊ गेटचा आडवा दांडा वर करत, सलाम ठोकत, रजिस्टरात वेळ टाकत. एक शब्द नाही. त्यायच्या जोडीले दुकालू नावाचा गार्ड होता, आरंगकडचा. त्याले सगळं माहीत होतं, पण मारोती भाऊनं त्यालेही शपथ घातलेली.

मी एकदा विचारलं, भाऊ, आता तर गरज नाही, सोडून काहून नाही देत? ते म्हणाले, बसून गुडघे धरतात. पण मले खरं कारण माहीत होतं. प्रशिकनं साल-दीड सालातच कारखान्याजवळ क्वार्टर घेतलं होतं. घरी यायचा तो महिन्यातून एखाद्या रविवारी, सफरचंदं घेऊन. रोज त्याले पाहाची जागा म्हणजे ते गेटच.

त्यातच सत्यभामाले, म्हणजे त्यायच्या बाईले, लकवा मारला. उजवं अंग गेलं. जीभ जड झाली, पण डोकं साबूत. मग घरातलं सगळं मारोती भाऊवर आलं. पहाटे उठून तिचं न्हाणंधुणं, भाकरी, वरण, मग ड्यूटी. माझ्या सुनेनं सांगितलं, आम्ही करतो भाऊ तिचं. ऐकलं नाही. वेणीसुद्धा आपणच घालत, आठ बोटांनी. वेणी अशी घट्ट बांधत की तिचे डोळे ताणून जात. मी म्हटलं, भाऊ, बाई आहे ते, तंबू नाही. सत्यभामा अर्ध्या तोंडानं हसली. तिले ते हसणं जमत नव्हतं, पण तिनं केलं.

संध्याकाळी ते ड्यूटीवरून आले की तिचा एकच प्रश्न. भिंतीतून मी रोज ऐकत असे.

"दिसला?"

"दिसला. निळा शर्ट होता. थोडा बारीक झाला वाटते."

"बोलला?"

"बोलला न. तुझं विचारत होता. म्हणे, आईले गोळ्या टायमावर देता का."

इकडं मी पोळी लाटता लाटता थांबून जाई. सहा वर्षांत जो पोट्टा गेटवर एक शब्द बोलला नाही, त्याच्या नावानं हा माणूस रोज एक वाक्य बनवत होता. अन् रोज नवीन. एवढं तर माझ्या नातवाच्या मास्तरलेही सुचत नाही.

आता जे सांगते ते मले दुकालूनं सांगितलं, माझ्या ओट्यावर बसून, डोळे पुसत. आतलं त्याले ऑफिसच्या चपराशाकडून समजलेलं.

प्रशिकच्या टेबलावर मारोती भाऊचा फौजेतला जुना फोटो होता, वर्दीतला. फोटो त्यानं ठेवला होता, हे मी त्याच्या खात्यात चांगलं म्हणून धरते. एकदा मोठ्या साहेबानं तो पाहिला. विचारलं, तुमचे वडील? हा हो म्हणाला. साहेबानं लढाईचं विचारलं, यानं एकाहत्तरचं सांगितलं. साहेबानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला, बहुत बड़ी बात है म्हणाला, अन् मान खाली घातली. साहेबानं फोटोतल्या माणसाले मेलेला धरलं, हे प्रशिकले समजलं. तो काही बोलला नाही. बस, इतकंच. पण त्या दिवसापासून साहेबाची मर्जी बसली.

दोन हजार आठच्या डिसेंबरात, लढाई जिंकल्याच्या दिवशी, कारखान्यात कार्यक्रम ठरला. झेंडा, भाषण, अन् शहीदाच्या मुलाचा सत्कार. झेंडा बांधाले कोण? तर गेटवरचा मारोती. त्यायच्यासारखी गाठ दुसऱ्या कोणाले येत नव्हती. त्यायनं पहाटे जाऊन झेंड्यात फुलं भरली, दोरी ताणून पाहिली, खांबाजवळ सावधान उभे राहिले. दुकालू बाजूले.

माईकवर नाव घेतलं. स्वर्गीय नायक मारोती रंगारी. गेटवरच्या मारोतीचं आडनाव तिथं कोणी कधी विचारलं नव्हतं. देशासाठी प्राण दिले वगैरे. मग सगळ्यायनं दोन मिनिटं उभं राहून मौन पाळाचं.

दुकालू मले दाई म्हणते, तिकडं आईले म्हणतात तसं. म्हणाला, "दाई, मैं बोलने वाला था. मुँह खोला मैंने." पण मारोती भाऊनं त्याचं मनगट धरलं. तोंड समोर, डोळे समोर, अन् तीन बोटांनी असं आवळलं की वळ उठला. मारोती भाऊ आपल्याच मौतीवर दोन मिनिटं पुरी उभे राहिले. बाकीचे लोक दीड मिनिटातच हलाले लागले होते.

प्रशिकनं खांबाकडं पाहिलं होतं का? मी दुकालूले दोनदा विचारलं. पाहिलं होतं. मग मान वाकवून शाल घेतली, नारळ घेतला.

दुपारी त्याची गाडी गेटवर आली, बाजूले तोच मोठा साहेब बसलेला. मारोती भाऊनं दांडा वर केला, सलाम ठोकला. गाडी थांबली. काच खाली झाली. दुकालूले वाटलं, आता बोलते. आता नाही तर कधी. प्रशिक म्हणाला, "अंदर फूल पड़े हैं. झाड़ू लगवा देना."

"जी सर," मारोती भाऊ म्हणाले.

त्या संध्याकाळी मी भिंतीजवळच बसली होती, हे कबूल करते. सत्यभामानं विचारलं, दिसला? दिसला. शर्ट कोणता होता?

"पाहिलं नाही," ते म्हणाले.

पुढच्या रविवारी प्रशिक आला. सफरचंदं आणली अन् ती शालही आणली, आईच्या पायावर टाकली. म्हणे, कंपनीनं देल्ली, थंडीसाठी. मारोती भाऊ दूध आणाले गेले होते. मी त्याले फाटकाशी गाठलं. म्हटलं, "काय रे प्रशिक, तुझा बाप कोणत्या लढाईत मेला?"

त्याचं तोंड उतरलं. लहानपणी मराठीत भांडणारं पोट्टं ते, पण अडचणीत आलं की हिंदी धरते. म्हणे, "मावशी, मैंने किसी से झूठ नहीं बोला. उन लोगों ने समझ लिया."

"लढाई एकाहत्तरची, तू अठ्ठ्याहत्तरचा. तिथं इतके इंजिनीअर, एकालेही वजाबाकी येत नाही?"

"अप्रैल में प्रमोशन है. उसके बाद मैं खुद सबको बता दूँगा."

"अन् तोपर्यंत त्यायनं मेलेलं राहाचं?"

त्यानं गाडीचं दार उघडलं. मग म्हणाला, बाबा तर काही बोलले नाही. मी म्हटलं, मेलेले बोलत नसतात. त्यानं गाडी चालू केली.

मारोती भाऊलेही मी सोडलं नाही. म्हटलं, तुम्ही जाऊन सांगून द्या साहेबाले, तोंड आहे न तुम्हाले. ते ओट्यावर बसून बुटाले पॉलिश करत होते. म्हणाले, "ऑर्डर त्यानं देल्ली वैनी. मागे घ्याची तर त्यानंच. मी सांगितलं तर पोट्टा चार लोकात खोटा पडते."

"अन् तुम्ही?"

"माझं काय? मी घरी जेवतो, झोपतो. मले काय फरक पडते?"

फरक पडत होता. वाट पाहणारा माणूस ओळखू येते. एप्रिल आला तसे ते पुन्हा नीट दाढी करून जाऊ लागले. प्रमोशनचे पेढे गेटवरही वाटले म्हणे, दुकालूले दोन, मारोती भाऊले दोन. त्यायनं आपले दोन्ही सत्यभामाले आणून देल्ले. म्हणाले, पोट्ट्यानं खास धाडले. मग पावसाळा गेला, दसरा गेला, दिवाळी गेली. प्रशिकले दर वेळी काहीतरी मधात येई.

मले त्यायचं वागणं तेव्हा पटलं नाही, आजही पटत नाही. लोक म्हणतात देवमाणूस. मी म्हणते, माणसानं इतकं चांगलं राहू नाही. त्यानं लेकराची सवय बिघडते.

त्याच नोव्हेंबरात, एका रविवारी, सत्यभामाले जेवू घालून, ताट धुवून, मारोती भाऊ खाटेवर टेकले अन् उठले नाही. डॉक्टर म्हणे, हार्ट. प्रशिक आला, बापाच्या पायावर पडून रडला. त्या रडण्यात खोटं नव्हतं, हे मी सांगितलं पाहिजे. पण कारखान्यातल्या कोणाले त्यानं फोन केला नाही. करणार कसा? मेलेल्या माणसाच्या मातीले दुसऱ्यांदा कोण येते? दुकालू अन् चार गार्ड ड्यूटीवरून तसेच वर्दीत आले, खांदा त्यायनंच देल्ला. सत्यभामा जड जिभेनं विचारत राहिली, प्रशिकच्या ऑफिसचं कोणीच नाही आलं? आम्ही बाया भांडी आवरत राहिलो.

आता ती प्रशिककडं असते, नव्या फ्लॅटमध्ये. मी एकदा जाऊन आली. शेजारपाजारचे अम्माजी, अम्माजी करतात, शहीदाची बायको म्हणून पाया पडतात. ती सांगते, नवरा अमुक साली गेला, घरी, जेवण झाल्यावर. ते एकमेकाकडं पाहतात अन् तिच्या डोक्यावरून हात फिरवतात. त्यायले वाटते लकव्यानं बाईचं डोकंही गेलं.

मारोती भाऊले मी बाहेर शेवटचं पाहिलं ते बँकेत, त्यायच्या जाण्याच्या आठ दिवस आधी. दर नोव्हेंबरात आम्ही दोघं सोबतच जात असू. मी रेल्वेवाल्याची विधवा, ते फौजी. पेन्शनवाल्यांनी सालातून एकदा आपण जिवंत आहो असं बँकेत जाऊन लिहून द्याचं असते. लाईनीत सगळे आमच्यासारखेच, कोणाची काठी, कोणाची कवळी. ते इस्त्रीचा शर्ट घालून, फाईल छातीशी धरून उभे.

खिडकीवर एक नवीन पोट्टी होती. तिनं फोटो पाहिला, त्यायले पाहिलं, फॉर्मवर सही घेतली. मग म्हणाली, इस साल एक मोबाइल नंबर भी देना है बाबूजी, घर के किसी का. त्यायनं दहा आकडे एका दमात सांगितले.

"ये किसका है?"

"प्लांट के साहब हैं."

"रिश्ते में क्या लगते हैं?"

मी मागेच उभी होती. मी तोंड उघडलं. त्यायनं वळून पाहिलं नाही, फक्त हात थोडा मागे केला, थांबा म्हणून.

"रिश्ते में कोई नहीं," ते म्हणाले. "फोन उठा लेते हैं."

पोट्टीनं लिहून घेतलं, शिक्का मारला, पावती देल्ली. त्यायनं पावतीची चौघडी करून खिशात ठेवली, माझा नंबर येईपर्यंत बाकावर बसले. माझं काम झाल्यावर बाहेरच्या दुकानातून सत्यभामाच्या गोळ्या घेतल्या, तारीख उन्हात धरून वाचली, पुडी माझ्या पिशवीत टाकली. म्हणाले, "जेवणानंतर एक देजा वैनी." मग मले टेम्पोत बसवलं, अन् आपण सिलतऱ्याची बस पकडाले रस्ता ओलांडून गेले. बँकेसाठी त्या दिवशी दोन वाजताची ड्यूटी मागून घेतली होती.