नेमीचंद शेठच्या छातीतले अनंत जीव

नंदुरबारच्या मिरची बाजारात नेमीचंद शेठ आले की लिलाव थबकायचा. शेठ मिरची फोडत, नाकाशी नेत, डोळे मिटून खोल हुंगत आणि जाहीर करत, "आतमा बुरशी शे." बाहेरून लालभडक दिसणारा माल आतून काळपट निघे आणि आणणाऱ्याचा चेहरा पडे. साठी ओलांडली होती, पण उत्साह असा दांडगा की दुसऱ्याच्या दुकानातल्या गोण्याही न बोलावता हुंगून येत.

यात नुसता धंदा नव्हता. शेठ पक्के जैन. बुरशीत सुईच्या टोकाएवढ्या जागी अनंत जीव असतात, तसली मिरची दळली तर सगळ्यांची हत्या आपल्या माथी, असं ते मानत. रोज सामायिकाला, म्हणजे ध्यानाला, बसताना तोंडावर मुहपत्ती बांधत, आपल्या श्वासानंही कुणी मरू नये म्हणून. आणि उठले की उघड्या नाकानं थेट मिरचीत. बाहेरच्या जिवांना एवढं जपणाऱ्या या भल्या माणसाला, तेच जीव आपल्या आत बिऱ्हाड थाटतील हे कधी सुचलं नाही.

खोकला लागला तेव्हा कुणी मनावर घेतलं नाही. हंगामात अर्धा बाजार खोकतच असतो. मग जिना चढताना धाप लागू लागली, छाती वाजू लागली, सदरा ढगळ झाला. कुणी दमा म्हटलं, कुणी टीबी. टीबीची तपासणी झाली, त्यात काही निघालं नाही. खोकल्याच्या बाटल्या मात्र रिचवून झाल्या. एक दिवस बेडक्यात रक्त दिसलं, तशी बायको सज्जनबाई त्यांना ओढतच दीपमाला डॉक्टरकडे घेऊन गेली. दीपमाला जवळच्याच कोरीट गावची पोरगी, छातीची डॉक्टर.

"काका, दिवसभर काय काम करतस तुम्ही?" तिनं विचारलं.

शेठ खुललेच. खिशातून मिरची काढली, फोडली, हुंगली आणि असे खोकत सुटले की खुर्ची हलली. डॉक्टरनं मिरचीच्या पोटातली राखाडी पूड पाहिली आणि तिचे डोळे चमकले. छातीचा फोटो, बेडका, रक्त, सगळं तपासून झालं. फुप्फुसात बुरशीच होती.

"खोकला समदासना सारखाच, काका," ती म्हणाली. "पन सर्दी आपोआप जास, दमाले पंप लागस, नि हाई बुरशी माराले गोळ्याच लागतस. त्याभी कैक महिना."

'माराले' हे कानी पडताच शेठनी हात जोडले. "नही बेन. अनंत जीव मारीसन माले जगनं नही."

बेडक्यातलं रक्त वाढेल, जिवावर बेतेल, असं डॉक्टरनं परोपरीनं सांगितलं. शेठ हटेनात. घरी दोघं नवरा-बायको मारवाडीत बोलत, पण सज्जनबाईचं माहेर अहिराणी बोलणाऱ्या खांडबाऱ्याचं. ती चिडली की अहिराणीतच उतरे.

"आपन पापड ऊनमा का घालतस? बुरशी येवालेच नको म्हनीसन. तुम्हीन तिले छातीमा घर बांधी दिधं. पाप तठेच व्हयनं. आते तुम्हीन गोळी नही लिधी तरी रोज नवी उगी, रोज मरी. गोळी मी देसू. पाप माले लागू द्या."

तिनं त्यांचं शास्त्र त्यांच्याच पदरात घातलं होतं. त्या दिवसापासून सूर्यास्ताआधीच्या जेवणाबरोबर ती तळहातावर गोळी ठेवू लागली, आणि ते तिच्याकडे न बघता गिळू लागले.

उन्हाळा सरला, पावसाळा आला. शेठ जिना चढून वर गेले आणि वरूनच ओरडले, "अगं, दम लागला नाही." शेजारीपाजारी गोळा झाले, तर पुन्हा उतरून चढून दाखवलं. आता बाजारात नाकातोंडावर मास्क होता, आणि मिरची ते कानाशी हलवून आतलं बी कोरडं वाजतं का ते ऐकत. त्यातही शेखी होतीच.

जैनांच्या संवत्सरीला वर्षभरात दुखावलेल्या प्रत्येक जिवाची क्षमा मागायची असते. दुसऱ्याच दिवशी तपासणी होती. डॉक्टरनं जुना आणि नवा फोटो शेजारी लावले. जुन्यातला डाग नव्यात विरला होता. आनंदानं शेठनी तिला, कंपाउंडरला, बाकावरच्या अनोळखी पेशंटांनाही 'मिच्छामि दुक्कडम्' म्हणून टाकलं. मग जुन्या फोटोसमोर उभे राहिले, हात जोडले, आणि वळून सज्जनबाईकडे पाहिलं.

सज्जनबाईनं त्यांना हळूच बाजूला केलं. डागावर हात ठेवून ती म्हणाली, "माफ कर वं माय. माले हाऊ मानूस जित्ता पाहिजे व्हता."