चालेलरावांची हरकत

दुकानात सगळे त्यांना चालेलराव म्हणत. मोडक्या खुर्च्या दुरुस्त करायचं दुकान. गिऱ्हाईक म्हणे उद्याच हवी, हे म्हणत चालेल. मालक म्हणे रविवारी या, तरी चालेल. बायको मात्र भाजीवाल्यापासून मुख्याध्यापकांपर्यंत कुणाला सोडत नसे. देवाने जोडा जुळवताना जिभेची वाटणी अगदीच एकतर्फी केली होती.

सासरे गेले, सासूबाई मायदेशी एकट्या पडल्या, तेव्हा त्यांना कायमचं इकडे परदेशात, आपल्याजवळ आणायचं ठरलं. अर्ज बायकोनेच भरला. बोलावणारा म्हणून नाव मात्र नवऱ्याचं घातलं. घरात विजेच्या बिलापासून सगळं त्यांच्याच नावावर, तसं हेही. अर्ज फेटाळला गेला. म्हातारी यांच्यावर अवलंबून आहे असं दिसत नाही, म्हणे! बायको तणतणत फेरतपासणीच्या कचेरीत गेली. खिडकीतल्या मुलीने शांतपणे सांगितलं, "तुमच्या आई देशाबाहेर आहेत, त्यांना दाद मागता येणार नाही. तुम्हालाही नाही. ज्यांनी बोलावलं, त्यांनाच."

"अहो, आई माझी आहे!"

"हो, पण बोलावलंय तुमच्या मिस्टरांनी."

आली का पंचाईत! भांडायचा हक्क मिळाला तोही कुणाला, तर ज्याने जन्मात गार चहा परत पाठवला नव्हता त्याला. घरी येऊन बायको रडली. "उद्या शेवटची तारीख आहे," ती म्हणाली. "तिथे चालेल म्हणालात ना, तर आई तिकडे एकटीच मरेल."

दुसऱ्या दिवशी चालेलराव खिडकीशी उभे राहिले. बायकोला मागच्या बाकावर बसवलं होतं. मुलगी गोड बोलत होती. "यात फार वेळ जाईल, काका. हे सोडून द्या, पुढच्या वर्षी नवा अर्ज करा. चालेल ना?"

शब्द अगदी ओठांवर आला. आणि त्यांना सासूबाई आठवल्या. लग्नानंतर पाय मोडून ते अंथरुणाला खिळले होते, तेव्हा ही बाई त्यांना खांद्याचा आधार देऊन मोरीपर्यंत नेत असे. एकदा भाजीत मीठ नव्हतं आणि हे सवयीने चालेल म्हणाले. "चालेल काय?" त्या खेकसल्या होत्या. "अळणी आहे ना? मग अळणी म्हणा!"

"नाही चालणार," चालेलराव म्हणाले. आवाज चिरका आला, म्हणून पुन्हा म्हणाले, "नाही चालणार. निकाल चुकलाय. त्यांना आमच्याशिवाय कुणी नाही. माझी हरकत लिहून घ्या."

बाकावर बायकोने तोंडाला हात लावला. मुलीने हरकतीचा अर्ज घेतला, पोचपावतीवर शिक्का मारला. ते दारापर्यंत गेले, पावती उजेडात धरली आणि परत फिरले.

"शिक्का पुसट आलाय. पुन्हा मारा."

बाहेर येऊन त्यांनी स्वतःच फोन लावला. "आई, मी भांडून आलो."

"तुम्ही?" सासूबाईंचा विश्वास बसेना. "कुणाशी?"

"सरकारशी. अजून पुष्कळ भांडायचंय. तोवर तुम्ही तब्येत सांभाळा."

मग सासूबाई म्हणाल्या, "सांभाळते. पण जावईबापू, माघार घेऊ नका हं."

"छे!" चालेलराव म्हणाले. "नावच नको."