दवाखान्यातली कॉफी

हायरियाच्या दवाखान्यात पाऊल टाकलं की औषधांच्या आधी कॉफीचा वास यायचा. दवाखाना खरं तर डॉक्टर नेजादांचा, पाटीवर नावही त्यांचंच. पण त्या बोस्नियन गावात कुणी डॉक्टरांकडे जात नसे, सगळे हायरियाकडे जात. ती तिथली नर्स. टाके काढणं, इंजेक्शन देणं, बीपी बघणं ही तिची नेमून दिलेली कामं. कॉफीचं काम तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. लांब दांड्याच्या तांब्याच्या भांड्यात ती कॉफी उकळायची, बिनकानाच्या छोट्या पेल्यांत ओतायची, शेजारी साखरेचा खडा ठेवायची. पेशंट कॉफी पिऊन गावभरच्या बातम्या सांगायचा, आणि त्याच्या बातम्या चालू असतानाच हायरिया त्याच्या दंडाला पट्टा बांधायची. आलेल्या माणसाला कोरड्या तोंडानं तपासायचं म्हणजे त्याला दारातून परत पाठवल्यासारखंच झालं असतं.

ही रीत युद्धाच्या वर्षांत पडली. तेव्हा हायरिया नवी नवी नोकरीला लागली होती. तापावर गोळी नव्हती, जखमेला पट्टी नव्हती. कॉफी तर कुणाच्या स्वप्नातही नव्हती. ती जव भाजून दळायची आणि त्याचं काळं पाणी उकळून लोकांच्या हातात द्यायची. "औषध नाही हो, पण हात तरी गरम होतील," म्हणायची. पुढे युद्ध संपलं, खरी कॉफी आली, हायरियाचा नवरा गेला, केस पिकले. पेला मात्र हातात येत राहिला.

तिला काळजी होती ती थोरल्या भावाची, रमिझची. तो लाकूड कापायच्या गिरणीतून निवृत्त झालेला, बायको वारल्यापासून गावाबाहेरच्या चढावर आलुबुखाराच्या झाडांत एकटा राहणारा. त्याचं बीपी गेल्या वर्षापासून वर चढलं ते खाली यायला तयार नव्हतं. डॉक्टरांनी एक गोळी दिली, मग तिची ताकद वाढवली, मग दुसरी गोळी जोडली. दवाखान्यात दर खेपेला आकडा एकशे साठच्या वरच. आणि घरी रमिझला उठून उभं राहिलं की अंधारी यायची.

"हायरा, जमीन हलते गं," तो सांगायचा. "गिरणीत इतकी वर्षं करवतीच्या पट्ट्याजवळ उभा राहिलो, कधी हलली नाही."

"गोळ्या वेळेवर घेतोस ना, दादा?"

"तुझ्या भीतीनं घेतो. वहिनी गेली तुझी, पण तिचा आवाज तुझ्या गळ्यात ठेवून गेली."

थंडी सुरू झाली तेव्हा तो सरपणाच्या ढिगाजवळ कोसळला. भुवई फाटली. हायरियानंच टाके घातले. डॉक्टर म्हणाले, "बीपी इतकं असल्यावर चक्कर येणारच. अजून वाढवायला हवी गोळी." वाढवली. त्यानंतर रमिझ आठवड्यात दोनदा पडता पडता वाचला.

हायरियाला काही कळेना. बीपी जास्त म्हणून चक्कर, तर गोळी वाढल्यावर चक्कर कमी व्हायला हवी. ती वाढत होती. दवाखान्याचं मशीन बिघडलं असेल म्हणून ती दुसरं मशीन घेऊन चढ चढून भावाच्या घरी गेली. रमिझनं बहिणीला बसवलं, कॉफी केली, दोघांनी प्यायली, त्यानं नेहमीची सिगारेट ओढली, शेजाऱ्याच्या बकरीची भानगड निघाली. मग तिनं पट्टा बांधला. आकडा तोच. म्हणजे मशीनही ठीक.

"मग मीच बिघडलोय," रमिझ म्हणाला. "भंगारात टाक आता."

"गप्प बस," ती ओरडली, आणि उतरताना रस्ताभर डोळे पुसत राहिली.

रमजान आला. हायरियानं दरवर्षीप्रमाणे तांब्याचं भांडं घासून कपाटात ठेवलं. रोजे करणाऱ्यांच्या नाकाखाली कॉफी उकळायची नाही, हा साधा सभ्यपणा. दवाखाना एकदम शांत झाला. लोक येऊन भिंतीला टेकून बसायचे, बोलायचंही त्यांच्या जिवावर यायचं. आणि एकेकाचं बीपी खाली येऊ लागलं.

"बघा हायरियाताई, उपासाचा गुण," डॉक्टर खुशीत म्हणाले. "माझ्या गोळ्यांपेक्षा हे बरं."

हायरियानं मान डोलावली. पण मग रमिझ आला. रोजे असलेल्या लोकांदेखत सिगारेट ओढायची लाज म्हणून तो कोपऱ्यात मुकाट बसून राहिला. तिनं पट्टा बांधला. एकशे पंधरा. तिनं पुन्हा बांधला. एकशे बारा.

रमिझला मधुमेह होता. त्याला रोजे करायला डॉक्टरांनीच मनाई केली होती. सकाळी भरपूर नाश्ता करून तो घरून निघाला होता. मग कसला उपास, आणि कसला गुण? तिनं डॉक्टरांना आकडा दाखवला. "छान! ईद होऊ दे, मग बघू," ते म्हणाले. त्यांचंही पोट रिकामं होतं आणि बाहेर रांग होती.

ईद झाली, भांडं कपाटातून बाहेर आलं. दोन दिवसांत सगळ्यांचं बीपी पुन्हा वर. डॉक्टर म्हणाले ईदची मिठाई, बकलावा, फार खाल्ला. रमिझचं एकशे पासष्ट. तो डॉक्टरांसमोर कॉफीचा पेला घेऊन बसला होता आणि डॉक्टर तिसरी गोळी लिहायला पेन उघडत होते. हायरियाच्या डोळ्यांसमोर सरपणाचा ढीग आला. या खेपेला भुवईवर भागणार नव्हतं.

"डॉक्टर, थांबा." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "मला काही कळत नाही. पण हा रमजानात रोजे करत नव्हता. तरी बीपी उतरलं होतं. कसं?"

"अरे हो, यांना तर मीच रोजे करू दिले नव्हते." डॉक्टर रमिझकडे बघत राहिले. मग त्याच्या हातातल्या पेल्याकडे. मग आपल्या टेबलावरच्या पेल्याकडे, जो अर्धा रिकामा होता.

"हायरियाताई," ते हळूच म्हणाले, "बीपी बघण्याआधी तुम्ही सगळ्यांना कॉफी देता?"

"देते म्हणजे? तुम्हीही पिता की!"

"कॉफी, सिगारेट, वर तोंडाचा पट्टा चालू. आणि दंडाचा पट्टा जाड स्वेटरवरून." डॉक्टरांनी पेन बंद केलं. "मी कधी विचारलंच नाही. रमिझभाई, उद्या सकाळी या. घरीही काही पिऊ नका, ओढू नका. इथे आल्यावर गप्प बसा."

"गप्प?" रमिझ म्हणाला. "त्यापेक्षा गोळी द्या."

रात्रभर हायरियाच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. जवाचं ते काळं पाणी, लोकांचे थंडगार हात. तिनं काय वाईट केलं होतं? आणि रमिझसारखे आणखी किती? म्हातारी झुम्रा गेल्या वर्षी न्हाणीत पडून खुब्याचं हाड मोडून बसली होती, ती कशानं पडली होती?

सकाळी तिनं गॅस पेटवला नाही. रमिझ चढ उतरून आला, स्वेटर काढून बसला. दोघं भाऊबहीण समोरासमोर, आणि बोलायचं नाही. आयुष्यात पहिल्यांदाच. कुठे बघावं हे दोघांनाही समजेना. तो खिडकीकडे बघत होता, ती त्याच्या भुवईवरच्या व्रणाकडे. मग तिनं उघड्या दंडावर पट्टा बांधला. एकशे अठरा. उभं करून पुन्हा बघितलं, तर आकडा आणखी घसरला आणि रमिझनं टेबलाची कड पकडली.

"चक्कर बीपीची नव्हती, माझ्या गोळ्यांची होती," म्हणत डॉक्टरांनी दुसरी गोळी बंद केली, पहिलीची ताकद निम्म्यावर आणली आणि आठवड्यानं पुन्हा यायला सांगितलं. बाकीच्या पेशंटनाही पुन्हा बोलवायचं ठरलं.

बाहेर झुम्रा काठी टेकत येऊन बसली होती. "काय गं हायरिया, आज वास नाही? कुणी मेलं की काय?"

"कुणी मेलं नाही, मावशी. आधी बीपी, मग कॉफी. आणि तोवर तोंड बंद."

"अगंबाई! मग मी दवाखान्यात येऊ कशाला?"

हायरियाला हसावं की रडावं कळेना. तिनं झुम्राच्या स्वेटरची बाही हळूच वर सारली. मागून रमिझनं हाक मारली, "माझं झालं ना बघून? मग माझा पेला कुठाय?"

ती उठली, आणि तिनं गॅस पेटवला.