ओमेरनं तोडलेलं मूळ

ओमेर बेसेट आणि मी गावच्या एकखोली शाळेत एकाच बाकावर शिकलो. खरं म्हणजे शिकला तो, मी नुसता बसलो. पुढे त्यानं घरापुढच्या गाडीवाटा डांबरी करून द्यायचा धंदा काढला आणि मला ट्रकवर घेतलं. आमच्या व्हरमाँटच्या खोऱ्यात गॅरेजपासून रस्त्यापर्यंतची वाट काळी, गुळगुळीत असली की घरधन्याची मान ताठ होते. बर्फ ढकलायलाही सोपं जातं. त्यामुळे ओमेरला कामाचा तुटवडा कधीच नव्हता.

कामात माणूस भारी कडक. खालचा मुरूम मनाजोगता दाबून झाल्याशिवाय वर डांबर पडू द्यायचा नाही. ताज्या डांबरावर कुणी पाय टाकला तर त्याची खैर नसे. एकदा आमच्या पाद्रीबुवांचाच बूट रुतला. बूट मागे राहिला आणि बुवा मोज्यावर चार पावलं पुढे गेले! ओमेरनं टोपी काढली आणि म्हणाला, "फादर, तुम्हीच माझ्या कामाला इतके चिकटलात, आता रविवारी चर्चमध्ये मी नाही आलो तरी चालेल ना?" मी ट्रकमध्ये हसून हसून आडवा झालो.

हां, तर सांगत होतो बर्डिकबाईंचं.

थेल्मा बर्डिक या टेकडीवर एकट्या राहणाऱ्या विधवा. त्यांच्या दारची डांबरी वाट जुनी, भेगाळलेली. हिवाळ्यात फुगायची, वसंतात खचायची. वाटेला खेटून मेपलचं एक मोठं झाड, बाईंच्या सासऱ्यानं लावलेलं. फेब्रुवारी सरताना रात्री गोठायला आणि दिवसा ऊन पडायला लागलं की बाई त्याच्या खोडाला बादल्या टांगायच्या, गळलेला गोड रस आटवून काकवी करायच्या आणि तिची एकेक बाटली, आजवर ज्यानं ज्यानं त्यांचं काम केलं त्याला पोचवायच्या. टपालवाल्याला, लाकडं फोडणाऱ्याला, सगळ्यांना.

जुनी वाट उखडून नवी, थोडी रुंद करायचं काम त्यांनी ओमेरला दिलं. नोव्हेंबर महिना होता. डांबराचा कारखाना हिवाळ्यासाठी बंद व्हायचा तो शेवटचा दिवस. मी ट्रक भरून आणायला गेलेलो. बाई चर्चच्या जेवणासाठी बटाटे सोलायला गेलेल्या. आणि इकडे खणताना मेपलचं मूळ आडवं आलं, चांगलं मांडीएवढं जाड.

वाट वळवून घ्यायची तर खालचा सगळा थर नव्यानं करावा लागणार. तोवर कारखाना बंद, आणि बाईंच्या दारात हिवाळाभर चिखलाचा खड्डा. मूळ तसंच ठेवून वर डांबर टाकावं, तर दोन वर्षांत वाट उचलणार आणि नाव ओमेरचं जाणार. गरम डांबर घेऊन मी वाटेत होतोच. ओमेरनं करवत सुरू केली, मूळ तोडलं, वर मुरूम लोटून दाबून टाकला. मी पोचलो तेव्हा मला दिसला तो सपाट, देखणा थर. मनात म्हटलं, वा रे पठ्ठ्या!

संध्याकाळी बाई परतल्या. काळी कुळकुळीत वाट बघून त्यांनी दोन्ही हात गालांना लावले. "अगं बाई! हिच्यावर गाडी घालायची म्हणजे पापच!" मग मेपलकडे बघून म्हणाल्या, "झाडाला काही धक्का नाही ना लागला?"

ओमेर कडा नीट करत होता. मान वर न करता म्हणाला, "छे हो, बर्डिकबाई. झाडाला काय होतंय!"

पुढच्या वसंतात काकवीची बाटली आली, गळ्यापर्यंत भरलेली. ओमेरनं ती फडताळात मागे सारली. बायको रोझेल म्हणाली, "अहो, धिरड्यांवर घ्या की." हा म्हणाला, दात दुखतोय. एरवी शरदात रंगणारी मेपलची वाटेकडची पानं त्या वर्षी जुलैतच लाल झाली. लोक म्हणाले, काय सुंदर रंग! ओमेर त्या रस्त्यानं जायचा बंद झाला. दुसऱ्या वसंतातली बाटली अर्ध्या मापाची. तीही फडताळात गेली.

तिसऱ्या वसंतात बाटली आलीच नाही, बाई स्वतः आल्या.

"ओमेर, यंदा काकवी नाही रे. वाटेकडची बाजू वठत चाललीय. चूक माझीच. आमचे हे म्हणायचे, थेल्मा, दोनच बादल्या लाव. मी हावरट, तिसरी लावली. आता रोज सकाळी खिडकीतून झाडाची माफी मागते. वेडी म्हण हवं तर."

बाई गेल्या तसा तो तडक माझ्या गोठ्यात आला. मी दूध काढत होतो. पालथ्या बादलीवर बसला आणि सगळं ओकला.

"मग जाऊन सांग ना तिला," मी म्हटलं.

"आणि खोऱ्यात तोंड कसं दाखवू? डांबराचं काम कोण देईल मला?"

"लेका, ती बाई तिथं तुझ्या वाट्याची माफी मागतेय!"

तो उठला. मी गाडी काढली. बाई दारातच भेटल्या, हातात भांडी पुसायचं फडकं. मी गाडीतच बसलो, पण काच खाली होती.

"बर्डिकबाई, बादल्यांनी नाही झालं ते. मी मूळ तोडलं. तुम्ही विचारलंत तेव्हा खोटं बोललो."

बाईंनी फडकं खांद्यावर टाकलं. मग बाईंनी विचारलं, "केवढं होतं?"

ओमेरनं दोन्ही हातांनी स्वतःच्या मांडीचा घेर दाखवला.

"तोडलंस ते एक वेळ समजते. पण वर माझी काकवी घेत राहिलास?"

"खाल्ली नाही हो. घशाखाली उतरेना."

"म्हणजे वायाही घालवलीस?"

"दोन्ही बाटल्या फडताळात आहेत."

"मग उद्या आण इकडे. माझ्याकडे यंदा चमचाभर नाही!" असं म्हणून त्यांनी दार लावलं. लगेच पुन्हा उघडलं. "वाट उखडलीस तर झाड वाचेल?"

"तुटलेलं मूळ येणार नाही. उरलेल्यांना हवापाणी मिळेल. फुकट करीन मी सगळं."

"फुकट तर करशीलच. उखड."

खानावळीत सकाळी कॉफी प्यायला बसलेल्यांना आयतं चघळायला मिळालं. "काय ओमेर, स्वतःचंच काम खोदतोस म्हणे! मुरूम दाबायचा विसरलास की काय?" 'हो' म्हणाला असता तर निभावलं असतं. पण तो म्हणाला, "मुरूम चांगला दाबलेला. बाईंचं झाड मी मारलं आणि लपवलं, म्हणून उखडतोय." सगळ्यांचे चमचे कपातच थांबले. त्या उन्हाळ्याची दोन कामं दुसऱ्या डांबरवाल्याकडे गेली.

झाडाजवळ त्यानं यंत्र येऊ दिलं नाही. गुडघ्यांवर बसून, हातफावड्यानं एकेक मूळ मोकळं केलं. नवी वाट अरुंद केली, झाडापासून दूर वळवून. आतापर्यंतच्या त्याच्या कामांतली सगळ्यात वाकडी, पण काय सुरेख वळण! मेपलची वाटेकडची बाजू वाचली नाही. ती कापावी लागली आणि कापताना खाली दोर धरून ओमेरच उभा होता. उरलेलं अर्धं झाड अजून उभं आहे. बाई त्याला बादली लावत नाहीत.

माफ केलं का, ते त्यांनी कधी सांगितलं नाही आणि विचारायची ओमेरची हिंमत झाली नाही. तो हिवाळ्यात त्यांची वाट साफ करून देतो, गटारं बघतो. काम झालं की बाई त्याला आत बोलावतात. मात्र त्या दिवसापासून त्याला काहीही विचारताना बाईंचे पहिले दोन शब्द ठरलेले असतात.

"खरं सांग ओमेर, छप्पर गळतंय का?"

"खरं सांग, रोझेल बरी आहे ना?"

दर वेळी त्याचे कान लाल होतात. परवा मीही सोबत होतो. बाईंनी त्याच्यापुढे कॉफी ठेवली.

"खरं सांग, कशी झालीय?"

ओमेरनं घोट घेतला, कप खाली ठेवला, आणि टेबलाकडे बघत म्हणाला, "पाणचट आहे, बर्डिकबाई."

बाईंनी कप उचलला, मोरीत ओतला आणि दुसरी करायला ठेवली.