भागीआत्याच्या वहीतली कोळशी

आमच्या गावात पक्की अफवा आहे: धरणाच्या खडकावर बसणारी भागीआत्या माशांना मंत्र घालते. धरते, तोंडाशी नेते, पुटपुटते नि सोडून देते.

खरं म्हणजे ती आकडे पुटपुटते. हात ओले आणि वही पिशवीत, म्हणून सेंटिमीटर-ग्रॅम घोकत राहते. वजनाच्या ताणकाट्यावरची रेघ दिसत नाही म्हणून काट्याला लटकलेला मासा चष्म्याजवळ नेते, एवढंच. नाशिकच्या कॉलेजातल्या अंजली मॅडमनी सात वर्षांपूर्वी तिला हे काम दिलं: खडकातली कोळशी ही मासळी दर ऋतूत मोजायची. लांबीच्या मानाने वजन पाहिलं की मासा भरलाय की वाळलाय ते कळतं.

आत्याचा आवाज मी हुबेहूब काढायचे. "ए निकिते, लांब सरक, तुझ्या श्वासानं काटा हलतो!" सगळे खो खो हसायचे. एकच वाक्य मी टाळायचे: "आषाढात मासा लय तब्येतीत हाय."

ते ती चार वर्षांपूर्वी मच्छीमारांच्या बैठकीत म्हणाली होती. आषाढात खडकाजवळ जाळं लावायचं नाही, ही जुनी रीत. पण वहीत आषाढाचाच आकडा सगळ्यात मोठा. लोकांनी जाळी लावली. आत्याने घरी पहिली कोळशी चिरली, तर पोट अंड्यांनी गच्च. मासा धष्टपुष्ट नव्हताच, ते वजन अंड्यांचं होतं.

ती धावत गेली. "थांबा, माझं चुकलं!"

"आकडा तूच दिला ना भागे?" मच्छीमार म्हणाले. जाळी तीन वर्षं राहिली. जाळ्यांना बांधलेल्या दगडांनी खडकावरचं शेवाळ खरवडलं गेलं. कोळशी त्यावरच जगते.

गेल्या वर्षी जाळी उठली. मी म्हटलं, "आत्या, पुढच्या कार्तिकात, पोटात अंडी नसतानाही, कोळशी भरलेली असेल. लाव पैज!"

"एका वर्षात नाय व्हायचं, पोरी. हरलीस तर माझी नक्कल बंद."

"आणि तू हरलीस तर?"

"भर बैठकीत तुझी नक्कल करीन. नाचून!"

यंदा कार्तिकात तिने पहिली कोळशी तोलली. काटा झटकून पुन्हा तोलली. मग दुसरी, तिसरी.

"काटा बिघडलाय. तू वाच गं."

मी वाचलं. आकडा जाळ्यांच्या दिवसांतलाच होता, वाळलेल्या माशाचा.

"नीट बघ."

नीटच पाहिलं. आत्याने मासा पाण्यात सोडला, वही माझ्या मांडीवर ठेवली. "लिही. हरलीस."